वहाणेपासून हृदयापर्यंत

दिवाळीच्या खरेदीत कोल्हापुरी वहाणांचा एखादा जोड हमखास असतो. दुकानदार वहाण उलटीसुलटी करतो, तळ वाकवून दाखवतो आणि "पाच वर्षे बघायला नको, साहेब" असे छातीठोकपणे सांगतो. त्याच्या बोलण्यातली अतिशयोक्ती वजा केली, तरी एक नवल शिल्लक उरतेच. जनावराचे ओले कातडे तसेच टाकून ठेवले तर दोन दिवसांत त्याला दुर्गंधी सुटते. तेच कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात नीट मुरवले, की ते कुजायचे विसरते. या कामाला आपल्याकडे 'कातडे कमावणे' असा मोठा समर्पक शब्द आहे.

आता दुसरे नवल ऐका. हृदयातली झडप निकामी झाली म्हणजे शल्यवैद्य तिच्या जागी नवी झडप बसवतात. ती पुष्कळदा जनावराच्या शरीरातून घेतलेली असते, आणि तीही कमावलेलीच असते! हिरड्याच्या पाण्यात नव्हे, पण तत्त्व तेच. म्हणजे वहाण आणि ही झडप एकाच घराण्यातल्या बहिणी. थोरली पायात राहिली, धाकटी हृदयात गेली.

या दोघींना जोडणारी वस्तू म्हणजे एक गाठ. डोळ्यांना कधीही न दिसणारी, रेणूला रेणूशी बांधणारी. ती कशाने मारायची, किती घट्ट मारायची आणि केव्हा सुटू द्यायची, एवढ्या प्रश्नापायी गेल्या साठ वर्षांत कित्येक रसायनशास्त्रज्ञांनी आणि शल्यवैद्यांनी आपली झोप घालवली आहे.

तिपेडी दोर

कातडे, स्नायूंना हाडाशी जखडणाऱ्या दोऱ्या, हाडांचा सांगाडा, डोळ्याचा पारदर्शक पडदा, हे सारे प्रामुख्याने एकाच प्रथिनाचे बनलेले असते. त्याचे नाव कोलॅजेन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते तिसरा हिस्सा या एकट्याचा. त्याची रचना कशी असते याचा उलगडा करण्यात आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे, आणि ही हकीकत आपल्याकडे हवी तितकी सांगितली जात नाही.

मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन हे तरुण प्राध्यापक होते. कोलॅजेनचे कोडे सोडवायचे तर त्याचा शुद्ध, सरळ तंतूंचा नमुना हवा. तो कुठे मिळावा? जवळच केंद्रीय चामडे संशोधन संस्था होती. तेथून त्यांना कांगारूच्या शेपटीतली दोरी मिळाली! तिच्यावर क्ष-किरण सोडून, पडलेल्या ठिपक्यांचा अर्थ लावून, रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात जाहीर केले की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या एकमेकींच्या साथीने असतात. पुढल्याच वर्षी त्यांनी त्या साखळ्या एकमेकींभोवती पिळ घेतात हेही दाखवले. तिपेडी वेणी म्हणावी तर वेणी विणलेली असते आणि ही पिळलेली. तेव्हा तिपेडी दोर म्हणणेच बरे. चामड्याच्या संस्थेतून आलेल्या शेपटीने माणसाच्या देहाचे असे गुपित फोडावे, हा योग मात्र खरोखरच मजेचा.

पण नुसते दोर शेजारी शेजारी ठेवून काम भागत नाही. दोन बांबू भिंतीला टेकवून ठेवले तर त्यांवरून कोणी माळ्यावर चढत नाही. मध्ये आडव्या पायऱ्या बसवल्या म्हणजेच शिडी होते. कोलॅजेनच्या एका दोराला शेजारच्या दोराशी बांधणाऱ्या अशा आडव्या गाठी शरीर स्वतःच मारीत असते. त्या पडल्या नाहीत तर काय होते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. बागेत आपण 'स्वीट पी' नावाची जी सुवासिक फुलझाडे लावतो, त्यांच्या बिया उंदरांना खाऊ घातल्या. उंदरांची हाडे वेडीवाकडी झाली आणि काहींची मुख्य रोहिणी फुग्यासारखी फुगून फुटली. बियांतल्या एका द्रव्याने गाठ मारणाऱ्या पाचकद्रव्याचे हातच बांधून टाकले होते. (आपल्याकडे लाखोळीच्या डाळीने पाय लुळे पडतात तो विकार वेगळा. झाड त्याच कुळातले, पण तिथे विष निराळे आणि मार मज्जातंतूंवर.)

गाठी फार झाल्या तरीही संकटच. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ती या दोरांना नको तिथे चिकटते आणि जास्तीच्या गाठी मारते. मग रक्तवाहिन्या कडक होतात, बोटांचे सांधे आखडतात. मधुमेही मंडळी दर तीन महिन्यांनी 'एचबीए१सी' नावाची तपासणी करतात. रक्तातल्या लाल प्रथिनाला साखर किती चिकटली, हेच तीत मोजतात. पावाच्या कवचाला भट्टीत येणारा खरपूस तांबूस रंग हा याच रासायनिक क्रियेचा झटपट अवतार. फराळाचे ताट समोर असताना हे सांगणे शिष्टाचाराला धरून नाही, पण विषयच निघाला.

स्वयंपाकघरातला धडा

गाठी दोन जातींच्या असतात आणि दोन्ही आपल्या गृहिणींच्या नित्य परिचयाच्या आहेत. चायना ग्रास उकळून थंड केले की थिजते. पुन्हा तापवले की पातळ. म्हणजे तिथल्या गाठी उष्णतेने सुटतात, थंडीने बसतात. उलट अंडे एकदा उकडले की कितीही थंड करा, पुन्हा पातळ होत नाही. तिथल्या काही गाठी कायमच्या. सब्जाचे बी पाण्यात टाकले की भोवती बुळबुळीत गोळा धरते. त्यात बहुतेक पाणीच असते, तरी ते ओघळत नाही, कारण पाण्याला धरून ठेवणारे तंतूंचे जाळे आत असते. अशा पाणी धरून ठेवणाऱ्या जाळ्याला शास्त्रज्ञ 'हायड्रोजेल' म्हणतात. नाव भारदस्त, पण फालुद्याच्या पेल्यातले नातेवाईक आपण ओळखलेच असतील.

दंतवैद्य कवळीसाठी जबड्याचा ठसा घेतात तेव्हा तोंडात जो गुलाबी लगदा भरतात, तोही याच जातीचा. समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून अल्जिनेट नावाचे द्रव्य काढतात. त्याला कॅल्शियम मिळाले की साखळ्या एकमेकींना धरतात आणि दोन-तीन मिनिटांत लगद्याचे रबर होते. या गाठीला ना आच लागते ना विषारी द्रव्य. म्हणून तिच्यात जिवंत पेशीसुद्धा कोंडून ठेवता येतात. १९८० साली अमेरिकेतल्या लिम आणि सन या दोघा संशोधकांनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या इवल्याशा गोळ्यांत घालून मधुमेही उंदरांच्या पोटात सोडल्या. दोन-तीन आठवडे त्या उंदरांचा मधुमेह नाहीसा झाला. दोन-तीन आठवडेच, पण इन्सुलिनची सुई टोचून घेणाऱ्या माणसाला हा प्रयोग काय वाटेल याची कल्पना करा. त्या वाटेवर आजही कितीतरी माणसे चालत आहेत. अडचण गाठीचीच आहे. शरीरातले सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेते आणि जाळे सैल पडते.

पॅरिसचा शल्यवैद्य

वैद्यकात गाठीचे महत्त्व प्रथम कळले ते टाक्यांच्या धाग्यात. मेंढीच्या आतड्यापासून 'कॅटगट' नावाचा धागा करतात. (नावात मांजर आहे, धाग्यात नाही.) जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यवैद्याने १८६९ साली तो कार्बोलिक आम्लात भिजवून जंतुरहित केला आणि पुढे क्रोमिक आम्लाने कमावला. साधा धागा आठवड्या-दीड आठवड्यात ताकद सोडतो; क्रोमचा हात फिरलेला दोन-तीन आठवडे तग धरतो आणि मग विरघळून जातो. जखम भरेपर्यंत टिकावे आणि मग मुकाट्याने निघून जावे, अशा पाहुण्यासारखा हा धागा. जगातली पुष्कळशी चामडी आज ज्या क्रोमने कमावतात, त्याचाच हा चुलता.

झडपेचे तसे नाही. तिने जन्मभर राहायचे असते. मिनिटाला सत्तर म्हटले तरी दिवसाला लाखभर वेळा तिने उघडझाप करायची.

१९६५ साली पॅरिसमध्ये जाँ-पॉल बिने आणि अॅलँ कार्पांतिए या शल्यवैद्यांनी डुकराच्या हृदयातली झडप माणसाला बसवली. डुकराचे हृदय आकाराने माणसाच्या हृदयाच्या बरेच जवळ जाते. झडप पाऱ्याच्या क्षारांत ठेवलेली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, वाहवा झाली. पण पुढे एकामागून एक झडपा खराब होऊ लागल्या. शरीर त्यांना परके समजून कुरतडत होते. फॉर्मॅलिन वापरून पाहिले. त्याची गाठ कालांतराने सैल पडते. दुसरा एखादा शल्यवैद्य असता तर हा नाद सोडून धातूच्या झडपांकडे वळला असता. कार्पांतिए तिशी ओलांडलेला, हाताला यश असलेला माणूस. तो उठला आणि रसायनशास्त्र शिकायला बसला! मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त कौतुक वाटते ते या गोष्टीचे. ज्याच्या सुरीला मान आहे, त्याने विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसणे सोपे नसते.

त्याच्या हाती लागले ग्लुटराल्डिहाइड. या रेणूला दोन टोके, आणि दोन्ही टोकांना पकडणारा हात. एका हाताने तो एका दोराला धरतो, दुसऱ्याने शेजारच्याला, आणि मग सोडीत नाही. चामड्याच्या धंद्यातही हे द्रव्य वापरतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने कमावलेल्या झडपा माणसांत बसू लागल्या आणि टिकू लागल्या. परकेपणाची खूणही बरीचशी या गाठींखाली झाकली गेली. २००७ साली कार्पांतिए यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. धातूच्या पिंजऱ्यात चेंडू ठेवून झडप करणारे अल्बर्ट स्टार यांच्याबरोबर विभागून. पुढे २००२ साली फ्रान्समधल्याच रूआँ गावी अॅलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बसवली. आज वृद्धांना वरदान ठरलेल्या या पद्धतीतही झडपेचे पडदे कमावलेलेच असतात. ते जनावराच्या हृदयावरच्या आवरणाचे असतात, कधी गुरांच्या, कधी डुकराच्या. कोणाला एक चालत नाही, कोणाला दुसरे. म्हणून समंजस वैद्य आधी विचारून घेतात, आणि जीव वाचतो म्हटल्यावर बहुतेक घरांत तोड निघते.

मग दुःख कुठे आहे?

दुःख आहे वयात. आपल्या देशात झडपा बिघडतात त्या पुष्कळदा म्हातारपणी नव्हे, ऐन तारुण्यात. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, घरचे लोक काढा देतात आणि ताप उतरतो. हा संधिज्वर सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, अशी वैद्यांची जुनी म्हण आहे. दहा-पंधरा वर्षांनी मुलगी जिना चढताना धापा टाकू लागते आणि झडप आक्रसली आहे असे निदान होते.

आता बावीस-तेवीस वर्षांची, नुकतेच लग्न झालेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिला यांत्रिक झडप बसवावी तर ती जन्मभर टिकेल. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली आणि १९९० साली प्रथम रुग्णाला बसवलेली स्वदेशी झडप याच जातीची. पण यांत्रिक झडपेवर रक्त साकळू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, वरचेवर रक्त तपासावे लागते, आणि नेहमीची ती गोळी पहिल्या महिन्यांत पोटातल्या गर्भाला अपाय करू शकते. कमावलेली झडप बसवावी तर त्या गोळीची कायमची कटकट नाही, मूल होण्याचा मार्ग मोकळा; पण ती झडप तरुण शरीरात लवकर दगड बनते. सत्तरीच्या माणसात जी पंधरा वर्षे सहज चालते, तीच लहान मुलात काही थोड्या वर्षांत चुन्यासारखी कडक होते. म्हणजे पुन्हा छाती उघडणे आले. घरात सासू, आई, नवरा बसून चर्चा करतात, आणि चर्चेच्या तळाशी असते ती ग्लुटराल्डिहाइडची एक गाठ.

कारण चुना साठण्यात या गाठीचाही हात आहे. न गुंतलेले मोकळे हात आणि मेलेल्या पेशींतली चरबी, दोन्ही कॅल्शियमला बोलावतात. म्हणून आता कारखान्यात झडपा अल्कोहोलने धुऊन चरबी काढतात, मोकळे हात दुसऱ्या द्रव्यांनी गुंतवून टाकतात. फरक पडतो, प्रश्न संपत नाही.

सुटणारी गाठ

भाजलेल्या माणसाची निकड याच्या नेमकी उलटी. दिवाळीच्या दिवसांत भाजल्याची बातमी वाचल्यावर आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण अर्ध्याहून अधिक अंग भाजलेल्या माणसापुढचे संकट साधे आणि भयंकर असते. अंगावर झाकण उरलेले नसते. पाणी झरत राहते, जंतू शिरत राहतात, आणि कलम करायला स्वतःची चांगली त्वचाही पुरेशी नसते.

बॉस्टनमध्ये जॉन बर्क हे भाजलेल्यांवर उपचार करणारे शल्यवैद्य आणि इयोनिस यानास हे ग्रीसमध्ये जन्मलेले, एम.आय.टी.मधले तंतू-रसायनांचे जाणकार, यांनी मिळून त्वचेचा एक साचा बनवला. गुरांच्या कातड्यातले कोलॅजेन, शार्क माशाच्या कूर्चेतले एक शर्करायुक्त द्रव्य, आणि वर सिलिकोनचा पातळ पापुद्रा. मिश्रण गोठवून त्यातले बर्फ निर्वातात उडवून लावायचे, म्हणजे बर्फाच्या खड्यांच्या जागी स्पंजासारखी भोके उरतात. मग तो कोरडा स्पंज निर्वातात १०५ अंशांवर दिवसभर ठेवायचा. ओले असताना इतके तापवले असते तर त्याचा सरस झाला असता. पण कोरड्या अवस्थेत उरलासुरला पाण्याचा अंश बाहेर पडताना शेजारचे दोर एकमेकांना आपोआप धरतात. बाहेरचे काही न घालता पडलेली ही गाठ! तिला ग्लुटराल्डिहाइडची थोडीशी जोड द्यायची, थोडीशीच.

इथे गाठीचे मोजमाप हेच सर्वस्व. सैल पडली तर रुग्णाच्या पेशी आत शिरण्याआधीच साचा विरघळून जायचा. घट्ट झाली तर तो कायमचा परका तुकडा होऊन बसायचा आणि भोवती व्रण धरायचा. रुग्णाच्या पेशी भोकांतून शिरतात, आपले नवे कोलॅजेन विणतात, आणि जितके विणले जाते त्याच्या जोडीने जुना साचा विरत जातो, असा हा हिशोब. घर बांधताना लावलेली परांची भिंत वाळेपर्यंत राहावी, तसे. दोन-तीन आठवड्यांनी वरचा सिलिकोनचा पापुद्रा काढून तिथे रुग्णाच्याच त्वचेचे, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके पातळ कलम लावतात. १९८१ साली त्यांनी पहिल्या दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे ५० ते ९५ टक्के अंग भाजलेले होते. १९९६ साली अमेरिकन सरकारने या साच्याला परवाना दिला.

मध्यस्थ

ग्लुटराल्डिहाइडचा एक दोष उरतोच. दोन दोरांच्या मध्ये ते स्वतः घर करून राहते आणि सुटले तर पेशींना विषारी ठरते. म्हणून संशोधकांनी दुसरा गडी शोधला. त्याचे नाव कार्बोडायइमाइड. आपल्याकडे लग्न जमवणारे मध्यस्थ असतात. दोन्ही घरी खेपा घालतात, पत्रिका जुळवतात, मांडवात मिरवतात आणि अक्षता पडल्या की आपल्या घरी जातात. हे द्रव्य तसेच. एका दोराला दुसऱ्याशी जोडून देते आणि स्वतः निरुपद्रवी रूपात पाण्याबरोबर धुतले जाते. फक्त दोर अगदी हाताच्या अंतरावर हवेत. लांबची स्थळे याला जमत नाहीत.

आणखी एक गडी फुलांच्या राज्यातून आला आहे. आपल्या अंगणात सुगंध पसरवणारा जो अनंत, त्याच्या फळातून जेनिपिन नावाचे द्रव्य मिळते. ते कोलॅजेनच्या आणि कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या कायटोसानच्या दोरांना गाठी मारते, आणि ग्लुटराल्डिहाइडच्या मानाने पुष्कळच कमी विषारी आहे. गंमत म्हणजे गाठ पडली की सारे निळे होते! (आपला दुहेरी पाकळ्यांचा अनंत सहसा फळ धरत नाही, तेव्हा प्रयोगाच्या आशेने झाडाला त्रास देऊ नये.)

डोळ्यातली गाठ

इतका वेळ आपण शरीराबाहेर कमावून आत बसवण्याच्या गोष्टी केल्या. पण जिवंत अवयवच जागच्या जागी कमावता आला तर?

बारा-पंधरा वर्षांची काही मुले डोळे सतत चोळतात, दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलतो, आणि चष्मा लावूनही फळा धूसर दिसतो. आईवडील मोबाईलला दोष देतात. पण कधी कधी खरा दोष डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात असतो. त्याच्या दोरांमधल्या गाठी दुबळ्या पडून तो पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. पूर्वी वाढत जाणाऱ्या विकाराची वाट पाहत बसायचे आणि शेवटी नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवायचा, एवढेच हाती असे.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी व्होलेन्झाक, श्पोर्ल आणि झाइलर यांनी २००३ साली एक साधा उपाय प्रसिद्ध केला. पडद्यावरचा नाजूक थर दूर करून त्यावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे दुधात असते त्याच 'ब-२' जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालायचे आणि मग मोजक्या ताकदीचा जांभळ्यापलीकडचा प्रकाश सोडायचा. जीवनसत्त्व त्या प्रकाशाने चेतते आणि दोरांमध्ये नव्या गाठी पडतात. शिवाय तेच जीवनसत्त्व प्रकाश शोषून डोळ्याच्या आतल्या भागांना झळ लागू देत नाही. एका थेंबात कारागीर आणि पहारेकरी दोन्ही! मात्र पडदा निदान ४०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांश इतका तरी जाड उरलेला हवा. त्यांनी उपचार केलेल्या २३ डोळ्यांत विकाराची वाढ थांबली. गेलेली नजर पूर्णपणे परत येते असे नाही, पण आहे ती बहुधा टिकते. म्हणून उशीर करून चालत नाही. आपल्या शहरांतल्या नेत्ररुग्णालयांतही आता ही शस्त्रक्रिया होते.

अर्धा तास थेंब, अर्धा तास प्रकाश. नंतर काही दिवस डोळा चुरचुरतो, पाणी येते, आणि घरी जाताना मुलाला सगळ्यांत जड जाणारी सूचना मिळते: डोळे चोळायचे नाहीत.